दिव्यांगांच्या सहा जागा दरवर्षी रिकाम्या का राहतात?

प्रश्न विचारणाऱ्या मॅडम तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात शिकवतात. यंदा प्रवेश समितीचं काम त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बी.एस्सी.च्या १२० जागांपैकी ६ जागा दिव्यांगांसाठी राखीव असतात, पण दरवर्षी त्या रिकाम्या राहतात आणि शेवटच्या फेरीत इतरांना जातात. कार्यालय म्हणतं, "कुणी येतच नाही." यंदा एक पूर्ण अंध मुलगी गणित घ्यायचं म्हणून आली, तर तिला "तू बी.ए.ला बघ" असं सांगून परत पाठवलं. प्राचार्यांचं म्हणणं, आपल्याकडे लिफ्ट नाही आणि प्रयोगशाळेत काही झालं तर जबाबदार कोण? मॅडमना हे बदलायचं आहे, पण दर्जा घसरेल अशी भीतीही आहे.

मॅडम, मी अशाच एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि एकोणीस वर्षं प्रवेश समिती आणि दिव्यांग कक्ष सांभाळते आहे. तुमचा निरोप दोनदा वाचला. "कुणी येतच नाही" आणि "यंदा एक मुलगी आली, तिला परत पाठवलं" ही दोन्ही वाक्यं तुम्ही एकाच निरोपात लिहिली आहेत. ती मुलगी तुमच्या कार्यालयाच्या कोणत्याच कागदावर नाही. तिने फॉर्म भरला नाही, म्हणजे हिशेबात ती आलीच नाही. वर्षअखेरीला तक्त्यात "दिव्यांग अर्ज: निरंक" असंच जाईल. तुमचा खरा प्रश्न मला इथे दिसतो. गुणवत्ता यादी लागते त्या दिवशी फारसा अन्याय होत नाही, कारण त्याच्या आधीच, खिडकीशी, फोनवर, वेबसाइटवर मुलं गळालेली असतात.

आमच्याकडेही हेच होतं. मग आम्ही खिडकीपाशी एक साधी दोनशे पानी वही ठेवली. जो कोणी दिव्यांग विद्यार्थी किंवा पालक चौकशीला येईल, फोन करेल, त्याचं नाव, काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, एवढं लिहायचं. पहिल्याच जूनमध्ये वहीतली नावं भरलेल्या फॉर्मांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. तिसऱ्या रकान्यात, म्हणजे "आपण काय उत्तर दिलं" तिथे, एकच वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत दिसत होतं: "इथे जमणार नाही असे सांगितले." सांगणारी माणसं दुष्ट नव्हती. ती काळजीपोटीच बोलत होती. पण प्रवेश नाकारायचा अधिकार त्यांना कुणी दिलेला नव्हता, आणि आपण नाकारतो आहोत हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. तुम्ही पहिलं काम हेच करा, वही ठेवा. खर्च शून्य, आणि प्राचार्यांसमोर ठेवायला तुमच्या हाती काहीतरी येईल.

एक प्रसंग सांगते, कारण त्यातून मी जे शिकले ते कुठल्या परिपत्रकात नव्हतं. कागदपत्रं तपासणीचा दिवस होता. हॉलमध्ये दीडेकशे मुलं, समोर टेबल, आणि लिपिक माइकवरून नंबर पुकारतोय. दुसऱ्या रांगेत एक मुलगी फाइल मांडीवर घेऊन सकाळपासून बसली होती. वडील शेतावरचं काम टाकून आले होते आणि बाहेर झाडाखाली थांबले होते, कारण पालकांना आत सोडत नव्हते. चार वाजता टेबलं आवरायला लागल्यावर ती उठून माझ्याकडे आली आणि तिने पावती पुढे केली. तिचा नंबर साडेअकरालाच होऊन गेला होता. यादीत तिच्या नावापुढे लाल शाईने "गैरहजर" लिहिलं होतं. ती कर्णबधिर होती. सगळ्यांसाठी एकच माइक, एकच नियम, कुणाशी भेदभाव नाही, आणि तरी ती सकाळपासून हॉलमध्ये असून गैरहजर ठरली. त्या दिवशी आम्ही तिची तपासणी करून घेतली, पण त्या फेरीतली तिची पहिल्या पसंतीची जागा हातची गेली होती. पुढच्या वर्षीपासून नंबर फळ्यावर लिहायला लागलो. एक खडू लागतो त्याला.

आता कायद्याचं, थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३२ प्रमाणे सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांनी किमान ५ टक्के जागा राखून ठेवायच्या आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट द्यायची. हे आरक्षण ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांसाठी. म्हणजे तुमच्या त्या ६ जागा. पण याच कायद्यातलं कलम १६ वाचलेलं फार थोड्या समित्यांत आढळतं. शासनाने मान्यता दिलेल्या कोणत्याही शैक्षणिक संस्थेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत सुगम असावी, आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, हे त्यात आहे. जागा राखणं आणि सोय करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घोळ नेहमी इथेच होतो. ज्याचं प्रमाणपत्र ३५ टक्क्यांचं आहे त्याला राखीव जागा मिळणार नाही, पण लिहायला त्रास होत असेल तर परीक्षेत लेखनिक मागण्याचा त्याचा हक्क त्यामुळे जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसंबंधीच्या एका निकालात हे स्पष्ट केलं. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने अशा उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

आणखी एक चूक, जी मी आजही बघते. हे आरक्षण समांतर आहे. मुलगा ओबीसी असेल आणि दिव्यांगही असेल तर फॉर्मवर दोन्ही ठिकाणी खूण करायची असते. खिडकीवर त्याला "दोन्हीतलं एकच घे" म्हणून सांगतात आणि पोरगं घाबरून जातीचा दाखला पुढे करतं. मग दिव्यांगांची जागा रिकामी राहते, ती अशी. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, अध्ययन अक्षमता हे सगळे आता त्यात येतात. तुमचं महाविद्यालय नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या बाजूला असेल तर सिकलसेल असलेली मुलं तुमच्या वर्गात आजही बसलेली असतील, आणि त्यांना स्वतःलाच माहीत नसेल की प्रमाणपत्र मिळालं तर आपण या गटात येतो. दिव्यांग म्हटलं की डोळ्यांसमोर कुबडी आणि पांढरी काठीच येते, कार्यालयाच्याही आणि त्या मुलांच्याही.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचे प्रवेश महाविद्यालय पातळीवर होतात की सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या, केंद्रीय फेऱ्यांतून, यावर तुमच्या हातात किती आहे ते ठरतं. केंद्रीय फेरीत यादी आणि जागांचं रूपांतर तुमच्या हाती नसतं, पण चौकशी, सुविधा केंद्र, कागद तपासणी आणि प्रवेशानंतरचा पहिला महिना असतो. विनाअनुदानित संस्थेला कलम ३२ तसंच्या तसं लागू होत नाही, तिथे त्या त्या अभ्यासक्रमाचे प्रवेश नियम बघावे लागतात. कलम १६ मात्र मान्यताप्राप्त संस्था म्हणून त्यांनाही चुकत नाही. आणि वैद्यकीय प्रवेशाचं शास्त्र वेगळंच आहे. तिथे बरीच वर्षं एक विचित्र कोंडी होती. बोलण्याची अडचण असलेल्या मुलाचं प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली असलं तर राखीव जागा नाही, आणि वर असलं तर एमबीबीएसलाच अपात्र. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या टक्क्यावरून कुणाला बाद करता येणार नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम करू शकतो का, हे मंडळाने तपासायचं आणि नाही म्हणायचं असेल तर कारणं लिहायची. तुमच्या बी.एस्सी.ला हा निकाल थेट लागू करायची गरज नाही, पण विचार करायची रीत तीच घ्या: "टक्के किती?" यापेक्षा "काम कसं करशील?" हा प्रश्न.

प्रमाणपत्राबद्दल. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज होतो, पण तपासणीला जिल्हा रुग्णालयात किंवा तशा अधिकृत रुग्णालयात जावंच लागतं आणि तिथे बोर्ड ठरलेल्या वारीच बसतं. बारावीचा निकाल लागल्यावर धावाधाव सुरू केली तर तारीख मिळेपर्यंत फेऱ्या संपतात. म्हणून आम्ही दिवाळीनंतर आसपासच्या कनिष्ठ महाविद्यालयांत जातो आणि अकरावी-बारावीच्या मुलांना सांगतो, आत्ताच अर्ज टाका. राखीव जागा भरण्यासाठी आम्ही जे काही केलं त्यात सर्वांत जास्त उपयोग या फेरीचा झाला. जूनमध्ये पोर्टलकडे बघत बसून जागा भरत नाहीत.

ऑनलाइन फॉर्मचं बघू. तुम्ही स्वतः एक दिवस हे करून पाहा: संगणकावर एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं मोफत स्क्रीनरीडर टाका, पडदा बंद करा आणि तुमच्याच महाविद्यालयाच्या वेबसाइटवरून प्रवेशाची माहिती शोधा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पाच मिनिटांत मान खाली गेली. माहितीपत्रक म्हणजे कागद स्कॅन करून लावलेलं चित्र. स्क्रीनरीडरला त्यात एक अक्षर सापडत नाही. दुसरी सूचना जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतं, पण कानाला ऐकू येतात निरर्थक इंग्रजी अक्षरं, कारण ते युनिकोड नाही. तिसरी सूचना व्हॉट्सअॅपवर फळ्याचा फोटो. आणि फॉर्मच्या शेवटी वेड्यावाकड्या आकड्यांचा कॅप्चा, ज्याला आवाजाचा पर्याय नाही. अंध विद्यार्थी फॉर्म स्वतः भरू शकतो, पण त्या एका चौकोनाशी त्याला सायबर कॅफेवाल्याच्या हाती पासवर्ड द्यावा लागतो. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, तो निकाल बँकांच्या केवायसीसंबंधी होता, पण ऑनलाइन प्रवेशाचीही गोष्ट तीच आहे. केंद्रीय पोर्टल तुमच्या हातात नाही. तुमच्या सूचना आहेत. त्या युनिकोडमध्ये टाइप करा आणि फोटोसोबत मजकूरही पाठवा. कार्यालयातला टायपिस्ट सुरुवातीला कुरकुरतो, आठवडाभराने त्याला सवय होते.

खिडकीवर बसणाऱ्याला एकच गोष्ट शिकवा: विद्यार्थ्याशी बोला. आई सोबत असते म्हणून "हिला काय घ्यायचंय?" असं आईला विचारलं जातं, आणि अठरा वर्षांची मुलगी शेजारी उभी असते. कर्णबधिर मुलाशी बोलताना मान फाइलमध्ये घालून बोललं तर त्याला ओठ दिसत नाहीत. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला खिडकी उंच पडते, तर टेबल बाहेर आणा. यातलं काहीच अवघड नाही. पण कुणीतरी मुद्दाम बसून सांगितल्याशिवाय होत नाही.

आता तुमच्या त्या मुलीकडे येते, कारण मला तिचीच सर्वांत काळजी वाटते. पहिली गोष्ट पात्रतेची. तिने बारावी विज्ञान शाखेतून केली आहे की कला शाखेतून गणित घेऊन? आपल्याकडे अनेक अंध मुलांना आठवी-नववीतच गणित-विज्ञानातून बाजूला केलं जातं. दहावीला गणिताच्या जागी सोपा पर्याय घ्यायची सवलत असते, ती प्रेमाने घ्यायला लावली जाते, आणि दोन-तीन वर्षांनी तीच सवलत बी.एस्सी.च्या दारात आडवी येते. तिची बारावी कला शाखेची असेल तर तुमच्या विद्यापीठाचे पात्रतेचे नियम बघा. काही विद्यापीठांत गणित घेऊन बी.ए. करता येतं, आणि मग "बी.ए.ला बघ" हे उत्तर कदाचित बरोबर ठरेल, पण ते नियम बघून आणि गणितासकट दिलेलं असायला हवं. ती विज्ञान शाखेतून गणित घेऊन पास झाली असेल, तर ती हे करू शकते का हा प्रश्नच उरत नाही. तिने बोर्डाला ते दाखवून दिलं आहे.

मग तिला विचारायचं ते एवढंच: तू आत्तापर्यंत गणित कसं केलंस? टेलर फ्रेमवर, म्हणजे अंधांच्या अंकपाटीवर? ब्रेलमध्ये? की तोंडी सांगून लेखनिकाकडून? आकृत्या कशा समजून घेतल्यास? तिचं उत्तर हाच तुमचा आराखडा. माझ्या अनुभवात या मुलांना स्वतःच्या पद्धती आपल्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असतात. आता संगणकावर गणिती समीकरणं वाचून दाखवणारी साधनंही आहेत. एनव्हीडीएला मॅथकॅट जोडलं की नीट लिहिलेलं समीकरण ते बोलून दाखवतं. "नीट लिहिलेलं" हे महत्त्वाचं, चित्र म्हणून चिकटवलेलं नव्हे. शिक्षकाने फळ्यावर लिहिताना "हे इकडे घेतलं, याला याने भागलं" असं न म्हणता "एक्सचा वर्ग डावीकडे घेतला" असं म्हटलं की निम्मं काम होतं, आणि मागच्या बाकावरच्या डोळस मुलांनाही जास्त कळतं. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचं अंध विद्यार्थ्यांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून काम करतं आहे, पुण्यात निवांत अंध मुक्त विकासालय आहे. तुम्ही एकट्या आहात असं समजू नका, फोन करा.

प्राचार्यांच्या दोन्ही आक्षेपांचं उत्तर आदराने पण स्पष्ट द्या. लिफ्ट नाही हे खरं असेल, पण ती मुलगी अंध आहे, तिचे पाय ठणठणीत आहेत. जिने ती रोज चढते. लिफ्टचा प्रश्न चालण्यात अडचण असणाऱ्यांचा आहे, आणि तोही लिफ्ट येईपर्यंत थांबत नाही. त्या विद्यार्थ्याच्या वर्गाचा तास तळमजल्यावर लावला की बराचसा सुटतो. आम्ही वेळापत्रक बदलून तीन वर्षं असंच काढलं. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर असेल तर ते खरोखर कठीण आहे, तिथे मी खोटा धीर देणार नाही. पैसा आणि इमारत दोन्ही लागतं, आणि त्यासाठी व्यवस्थापनाकडे लेखी मागणी आजच टाकून ठेवावी लागते.

प्रयोगशाळेतल्या धोक्याचं म्हणाल तर अॅसिड सगळ्यांनाच जाळतं. म्हणून सुरक्षा सगळ्यांचीच हवी. तिच्यासाठी सोबत एक सहाय्यक द्या. निरीक्षण तो सांगेल, पुढे काय करायचं, नोंद काय करायची, निष्कर्ष काय, हे ती ठरवेल. गुण तिच्या विचाराला. तिने विषय कोणते घेतलेत त्यावर हे किती लागेल ते ठरेल. गणित आणि संख्याशास्त्राच्या जोडीला रसायनशास्त्राइतका त्रास नसतो. पण एक कृपा करा, वडिलांकडून "काही झाल्यास महाविद्यालय जबाबदार नाही" असं हमीपत्र घेऊ नका. बाकीच्या ११९ मुलांकडून ते घेत नाही ना? मग तिच्याकडूनही नाही. आमच्याकडे असा छापील नमुनाच होता, तो बंद करायला मला दोन प्राचार्य बदलेपर्यंत थांबावं लागलं.

दर्जाची भीती. प्रश्नपत्रिका तीच असते, तपासणारा तोच असतो, पास व्हायचे गुण तेच असतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकाला एकेक चिन्ह सांगून लिहून घ्यायला, मग ते परत वाचून घ्यायला किती वेळ जातो हे एकदा शेजारी बसून बघा, तो तास जादा वाटणार नाही. लेखनिकाशी परीक्षेच्या दोन दिवस आधी भेट व्हावी असंही २०१८ च्या सूचनांत होतं. गणितासाठी हे फार गरजेचं आहे. कंस, घात, अपूर्णांक कसे बोलायचे हे दोघांचं आधी ठरलेलं नसेल तर पहिला अर्धा तास त्यातच जातो. दर्जा कुठे खरोखर घसरतो ते मी पाहिलं आहे: शिक्षक दया दाखवून अंतर्गत गुण फुकट देतात तिथे. ते टाळा. तिला वर्गात प्रश्न विचारा, चुकलं तर चुकलं म्हणून सांगा.

डिसेंबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार कलम ३२ खालच्या प्रत्येक संस्थेने दरवर्षी कोणत्या अभ्यासक्रमाला किती दिव्यांग विद्यार्थी घेतले याची माहिती दिव्यांग आयुक्तांना द्यायची असते. तुमच्या कार्यालयातून ती जाते का ते विचारा. जात असेल तर यंदा त्या पत्रासोबत चौकशीच्या वहीतला आकडाही समितीपुढे ठेवा. शून्य प्रवेश आणि सात चौकशा असं शेजारी शेजारी दिसलं की बैठकीतली भाषा बदलते, हे मी पाहिलं आहे.

पण हे सगळं नंतर. फेऱ्या अजून चालू असतील तर उद्या सकाळी कार्यालयात जाऊन विचारा, त्या मुलीचा नंबर कुणी लिहून ठेवलाय का. नसेल तर ती कोणत्या कनिष्ठ महाविद्यालयातून आली ते कुणाला तरी आठवत असेल, तिथल्या वर्गशिक्षकांना फोन करा. फोनवर तिच्याशीच बोला, आईवडिलांशी नंतर. तिला सांगा की त्या दिवशी चुकीचं उत्तर दिलं गेलं, आणि तिला गुणपत्रक, यूडीआयडी कार्ड आणि ती गणितासाठी जे काही वापरते ते घेऊन बोलवा. तुमच्या गणिताच्या विभागप्रमुखांना त्या वेळी मोकळं ठेवा. त्यांना म्हणावं, हिला एक गणित घाला आणि ती ते कसं सोडवते ते शेजारी बसून बघा. काय झालं ते इथे जरूर कळवा, पात्रतेच्या नियमांत कुठे अडलं तर त्या नियमाचा मजकूर टाका, मी बघते.